इमानाची काच

रविवारची प्रार्थना संपली की आमच्या आळीतली माणसं चॉकलेट-पाव खायला घरी पळायची. ही रीत बंधू आन्सीसारने मोडली. चर्चच्या पायऱ्या उतरलेली गर्दी आता थेट चढ चढून बेकरीच्या माडीवर जाऊ लागली. जिन्यात धक्काबुक्की, खालून ताज्या पावाचा वास आणि वरून मेणबत्त्यांचा धूर.

"सरका हो जरा, मागच्यांना काही दिसत नाही!"

"दिसायचंय काय? कोणाची बायको रडते आणि कोणाची हसते, एवढंच!"

माडीवर एक टेबल, टेबलावर जांभळं मखमली कापड आणि त्यावर बोटभर लांबीची काच. काचेच्या पोटात केसाइतकी बारीक वाट कोरलेली. ती गोगलगायीच्या शंखासारखी वळत वळत मधल्या हृदयापर्यंत जायची आणि तिथून सरळ काचेच्या कडेला. वाटेवर तीन खुणा होत्या, शेजाराची, कामाच्या जागेची आणि घरातल्याच माणसाची. वर फोन टांगलेला आणि त्यातलं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर. सगळ्या मानिसालेस शहराने बघावं अशी सोय.

बंधू आन्सीसार पांढऱ्या सदऱ्यात उभा राहायचा. आवाज मधात बुडवलेला.

"लेकरांनो, शक्ती माझ्यात नाही. शक्ती या काचेतही नाही. काच कुठलीही घ्या! शक्ती रक्तात आहे. जीभ खोटं बोलते, डोळे खोटं बोलतात, पण रक्त? रक्त इमानी असेल तर स्वतःच्या पायांनी चालत हृदयापर्यंत जाईल. आणि त्याच्या वाटेत जर कोणी उभं असेल..."

इथे तो थांबायचा आणि जमलेले नवरे श्वास रोखायचे.

मी आमेलिदा, सरकारी दवाखान्यात परिचारिका. आयुष्य लोकांचं रक्त काढण्यात गेलं. रक्तात साखर सापडते, कावीळ सापडते, परपुरुष मला अजून सापडलेला नाही. पण त्या दिवशी आमची शेजारीण नुबिया खुर्चीवर बसली होती, म्हणून मी माडी चढले होते.

नुबियाचा नवरा ओक्तावियो फळांचा व्यापारी. खुर्चीत बायकोला बसवण्याआधी तो बंधूच्या कानाशी बराच वेळ कुजबुजला. बंधूने डोळे मिटून मान डोलावली. मग नुबियाच्या बोटाला सुई टोचली (आधीच्या बाईला टोचली तीच सुई, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही), थेंब काचेच्या तोंडाशी लावला आणि काच दोन बोटांनी कडेला धरून कॅमेऱ्याखाली आणली.

टीव्हीवर लाल धागा चालू लागला. खरंच चालू लागला, कोणी ढकलत नसताना! पहिलं वळण. दुसरं वळण. नुबियाच्या ओठांवर हसू आलं. आणि शेजाराच्या खुणेपाशी रक्त थबकलं.

"चल," ती काचेला म्हणाली. "चल ना गं बाई."

रक्त हललं नाही. माडीवर असा आवाज उठला, जसं काही मैदानात कोणी पेनल्टी चुकवली.

ओक्तावियो एवढंच म्हणाला, "मला ठाऊकच होतं."

तिसऱ्या प्रहरी नुबियाचे कपडे, शिवणयंत्र आणि तिच्या आईचा फोटो रस्त्यावर होता. त्यावर त्याने बंधूने पुरावा म्हणून दिलेली ती काचही फेकली. समोरच्या घरात एक विधुर घड्याळजी राहायचा, त्याने त्याच दिवसापासून खिडकी उघडणं बंद केलं. नुबिया माझ्या खोलीत राहायला आली. रडली नाही. फक्त पुन्हा पुन्हा विचारायची, "आमेलिदा, माझ्या रक्ताला असं काय झालं असेल गं?"

मला सगळ्यात जास्त राग याच प्रश्नाचा आला. तिलासुद्धा स्वतःपेक्षा काचेवर जास्त भरवसा होता.

आता आमच्या घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ हिल्दार्दो डोंगरातल्या गावांना जीप चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण संशयाचं औषध त्याला कधी लागू पडलं नाही. त्याची बायको रुबिएला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधक. काचेत केसासारख्या वाटा कोरायच्या, त्यातून औषधं किंवा रक्त सोडायचं आणि आत किती दाब आहे ते मोजायचं, हे तिचं काम. तिच्याबरोबर एफ्राइन नावाचा एक संशोधक आहे. उंच, सडपातळ आणि विनोदी. हा विनोदीपणा माझ्या भावाला मुळीच सहन होत नसे.

"आज काय म्हणाला तुझा एफ्राइन?" तो जेवताना विचारायचा.

"पंप बिघडला म्हणाला."

"आणि त्यावर तू हसलीस?"

"पंपावर कोण हसेल?"

"मग एफ्राइनवर हसलीस."

भाऊ प्रयोगशाळेवरून जीप नेऊ लागला. ज्या गावाची वाट तिथून जातही नाही, त्या गावचे उतारू घेऊनसुद्धा! उतारू कुरकुरायचे. घरी तो रुबिएलाच्या अ‍ॅप्रनचा वास घ्यायचा. प्रयोगशाळेत मेजावर दोन कप दिसले तर दोन का, आणि एकच दिसला तर एकाच कपातून दोघं प्यायली का, असं त्याचं चाललेलं. एकदा मी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"हिल्दो, नेमकं काय सलतंय तुला?"

त्याने जीपची किल्ली मेजावर ठेवली. मग म्हणाला, "ती जे करते ते मला कळत नाही, ताई. त्याला कळतं. ती बोलत असते आणि मी मान डोलावतो. तो तिला मध्येच थांबवून सांगतो, इथे तुझं चुकलं. मला तिचं कधी काही चुकलेलंही कळत नाही."

मला त्या क्षणी त्याची फार दया आली. पण दुसऱ्या दिवशी तो बंधू आन्सीसारकडे जाऊन कुजबुजून आला आणि माझी दया आटली.

"रविवारी माडीवर यायचं," त्याने रुबिएलाला फर्मावलं.

"माझं इमान मी काचेला विचारायला देणार नाही."

"म्हणजे भीती वाटते."

"वाटते. तुझी वाटते."

त्याने आपली गादी उचलून बैठकीत नेली. घरात दोन दिवस नुसती भांडी वाजली.

शेवटी मी उठले, नुबियाने जपून ठेवलेली ती काच रुमालात बांधली आणि भर दुपारी प्रयोगशाळेत गेले. तिथे रुबिएला आणि एफ्राइन एका पंपावरून हमरीतुमरीवर आलेले. हे प्रेम असेल तर माझं आणि आमच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंचं लग्नच झालं असतं.

"ही बघ," मी काच पुढे केली. "नुबियाचं रक्त इथे थांबलं. थांबलेलं मी डोळ्यांनी पाहिलं."

रुबिएलाने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खालून वरून पाहिली. मग पाण्याने धुतली, साफ सुकवली आणि माझं बोट पुढे करायला सांगितलं. माझं रक्त शेजार ओलांडून, कामाची जागा ओलांडून, हृदयातून आरपार गेलं. पुन्हा धुतली. एफ्राइनचं गेलं. बीटाचा रस गेला. गुळाचं पाणी गेलं.

"सगळे इमानी," एफ्राइन म्हणाला. "बीटसुद्धा."

रुबिएला हसली नाही. "म्हणजे वाट मोकळी आहे. बारीक वाटेत पाणी आपोआप ओढलं जातं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. मग नुबियाचं थांबलं का? वाटेची ओढ कमी झाली, की पुढून कोणी उलटं ढकललं? हे दाबालाच विचारायला हवं."

"एवढ्याशा केसात दाब कसा मोजणार?" मी विचारलं. "टायरला लावतात तसलं मीटर लावणार?"

"मीटर आत घातलं तर वाटच बुजेल. म्हणून बाजूने एक गल्ली काढायची आणि गल्लीत रंगीत तेलाचा एक ठिपका ठेवायचा. मुख्य वाटेत दाब वाढला की ठिपका सरकतो. किती सरकला ते बघायचं. दहा वर्षं मी हेच करतेय, आमेलिदा. घरी कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही."

मग तिने नुबियाची काच पुन्हा उचलली, बीटाचा थेंब लावला आणि सवयीने कडेला धरली. बीट दोन वळणं गेलं आणि थांबलं. तिने घाईने बोट काढलं. बीट चालू लागलं. बोट ठेवलं, थांबलं.

तिघांनीही एकदमच काचेची कड पाहिली. हृदयातून निघालेला सरळ धागा कडेला जिथे संपत होता, तिथे सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"अरे चोरा," रुबिएला पुटपुटली.

आत शिरणाऱ्या रक्तापुढे हवा असते. ती हवा त्या भोकातून बाहेर पडते म्हणून रक्ताला जागा मिळते. भोकावर अंगठा ठेवला की हवा कोंडली. बारीक वाटेची ओढ ती किती! कोंडलेली हवा जराशी दबते आणि उलटी रेटते, की रक्त जागच्या जागी उभं. अंगठा काढा, चालू. नवऱ्याने कानात शेजार सांगितला असेल तर शेजारापाशी अंगठा, कचेरी सांगितली असेल तर कचेरीपाशी. ज्याला संशय नाही, नुसतीच हौस आहे, त्याची बायको इमानी. काच कधीच काही नवं सांगत नव्हती. आणणाऱ्याच्या पोटात जे होतं तेच टीव्हीवर दाखवत होती.

"आत्ताच्या आत्ता चल," मी म्हणाले. "हिल्दोला दाखवू."

"त्याला दाखवलं तर म्हणेल, एफ्राइनने शिकवलं." तिने काच पुन्हा रुमालात बांधली. "मी रविवारी जाईन. पण काच माझी असेल."

रविवारी माडी वाकेल इतकी गर्दी. विद्यापीठातली बाई खुर्चीवर बसणार म्हटल्यावर पलीकडच्या आळीतलेही आले. नुबिया माझ्या शेजारी. ओक्तावियोही होता, दाराशी, छाती काढून. माझा भाऊ पहिल्या ओळीत, दाढी केलेला, चेहरा आजारी माणसासारखा.

"या कन्ये," बंधूने हात पसरले. "ज्ञानाला आज श्रद्धेची तहान लागली!"

"बंधू, तुम्ही म्हणता शक्ती काचेत नाही, रक्तात आहे."

"निःसंशय."

"काच कुठलीही चालेल?"

"कुठलीही, कन्ये, कुठलीही."

तिने पर्समधून आपली काच काढली. तीच गोगलगाय, तेच हृदय, कडेला तसंच भोक. फक्त शेवटच्या धाग्यातून एक जास्तीची गल्ली फुटून दुसऱ्या बाजूला उघडी पडत होती आणि तिच्यात निळ्या तेलाचा एक ठिपका होता.

बंधूच्या भुवया वर गेल्या. "हे निळं काय?"

रुबिएला उत्तर देणार, तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "कुमारी मातेच्या झग्याचा रंग आहे तो! आणखी कोणाचा असणार?"

गर्दीने छातीवर क्रूसाची खूण केली. बंधूलाही करावी लागली. मी पुढे होऊन माझी नवी, पाकीटबंद सुई दिली. तीही त्याला घ्यावी लागली.

रुबिएलाचं रक्त टीव्हीवर चालू लागलं. माझ्या भावाने मुठी आवळल्या. शेजार मागे पडला. कामाची खूण जवळ आली आणि मी बंधूच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो हळूच कडेवर सरकला आणि बसला.

रक्त चालतच राहिलं.

निळा ठिपका मात्र हलला आणि गल्लीत पुढे सरकू लागला.

बंधूने अंगठा उचलून पुन्हा दाबला. उचलला तेव्हा निळा थांबला, दाबला तेव्हा निळा चालला. नख पांढरं होईपर्यंत दाबला, पण कोंडायला हवाच राहिली नव्हती, ती निळ्याला ढकलत गल्लीतून निघून जात होती. रक्त कामाच्या खुणेवरून गेलं, घरातल्या खुणेवरून गेलं आणि थेट हृदयात शिरलं.

"इमानी!" कोणीतरी ओरडलं. "इमानी! इमानी!" टाळ्या, शिट्ट्या. बंधू कसलेला होता. त्याने घाम पुसत हात वर केले. "पाहिलंत? ज्ञानी बाईचं रक्त, स्फटिकासारखं!"

हिल्दार्दो उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो बायकोला मिठीत घ्यायला धावला. तिथेच गोष्ट संपली असती. तिला हवं ते मिळालं होतं, सगळ्या गावासमोर.

तिने हात पुढे करून त्याला थांबवलं.

"टाळ्या नकोत," ती म्हणाली. "मी इमानी आहे हे काचेला ठाऊक नाही. काचेला काहीच ठाऊक नाही."

तिने टेबलाकडे हात केला.

"त्या ट्रेमधली बंधूंची एक काच द्या. आणि खाली बेकरीत बेरीचा रस आहे ना, एक ग्लास आणा."

बंधू म्हणाला, "पवित्र वस्तूला..." पण बेकरीवाल्या बाई स्वतःच रस घेऊन वर आल्या होत्या. त्यांच्याही बहिणीचं रक्त गेल्या महिन्यात थांबलं होतं.

रुबिएलाने काच कडेला धरली, रसाचा थेंब लावला. "सांगा, कुठे थांबवू?"

"शेजारी!" कोणीतरी चेष्टेने म्हटलं.

रस शेजारी थांबला.

"आता कचेरीत!"

रस सुटला आणि कचेरीत थांबला.

"काय बदफैली रस आहे!" पाववाल्या बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा माडीवर खरं हसू फुटलं. मग तिने प्रत्येकाला जवळ बोलावून ते भोक दाखवलं, अंगठा ठेवून दाखवला, निळा ठिपका का हलला ते सांगितलं. म्हातारे, पोरी, जीपवाले, सगळे अंगठे ठेवून बघत होते.

बंधू आन्सीसार दाराकडे सरकत होता. उंबऱ्यावर तो वळला. मध आटला होता.

"हुशार आहात, बाई. मग हेही शोधा ना, तुमच्या नवऱ्याची जीप नेइरा गावात रिकामी असूनही तासभर का उभी असते?"

मी रुबिएलाचा चेहरा पाहिला. आणि मला कबूल करायला हवं, मी घाबरले. तिचा रंग उडाला. तिने हिल्दार्दोकडे पाहिलं, तो खाली बघत होता. अंगठ्याची युक्ती आत्ताच उलगडून दाखवणाऱ्या त्या बाईच्या मनाला क्षणभर तोच विंचू चावला, जो माझ्या भावाला दोन वर्षं चावत होता. तिने हातातल्या काचेकडेही पाहिलं. मला वाटलं, आता ती कोणाला तरी सुई आणायला सांगते की काय.

मग ती म्हणाली, "विचारीन. त्याला विचारीन. तुम्हाला नाही."

आणि लगेच, सगळ्यांसमोर, विचारलं, "हिल्दो, नेइराला काय असतं?"

त्याचे कान लाल झाले. "तिथल्या शाळेत एक मास्तर आहे. विज्ञान शिकवतो. त्याच्याकडून..." तो अडखळला. "दाब म्हणजे काय ते शिकत होतो. तुझ्या कामातलं थोडं तरी कळावं म्हणून. अजून नीट कळलेलं नाही."

कोणी हसलं नाही. रुबिएलाने त्याच्या हातात ती काच दिली, त्याचा अंगठा धरून भोकावर ठेवला.

"निळ्याकडे बघ," ती म्हणाली. "मास्तरला कशाला, मला विचारायचंस."

बंधूचं पुढे फारसं काही झालं नाही. एकच सुई सगळ्यांना टोचतो म्हणून आमच्या दवाखान्याने तक्रार केली, माडीला सील लागलं आणि तो आपले सदरे घेऊन कुठल्यातरी दुसऱ्या गावी गेला. तिथेही नवरे असतीलच. ज्यांना ज्यांना त्याने सुई टोचली होती, त्या सगळ्यांचं रक्त मी तपासलं. देवाची कृपा म्हणा की नशीब, सगळे बचावले.

माझा भाऊ बरा झाला का? नाही हो. संशय काही काचेत नव्हता, की काच फुटली आणि तो गेला. अजूनही एफ्राइनचं नाव निघालं की त्याचा घास अडकतो. पण आता तो विचारतो. ती उत्तर देते. कधी दोघांचं कडाक्याचं भांडणही होतं. भांडण परवडतं.

सगळ्यात शेवटी ओक्तावियो आला. चांगला कोट घालून, फुलं घेऊन, माझ्या दाराशी. नुबिया शिवणयंत्रावर बसली होती, उठली नाही.

"नुबिया, चल घरी. मला काय ठाऊक? त्या काचेने फसवलं मला."

नुबियाने दोरा तोडला.

"काचेने सांगितलं असेल," ती म्हणाली. "पण कपडे रस्त्यावर तू टाकलेस. ते काही काचेने उचलले नव्हते."

तो फुलं पायरीवर ठेवून गेला. नुबिया आता समोरच्या गल्लीत स्वतःच्या दुकानात शिवते. पाववाल्या बाईंनी जागा दिली.

वाचकांनो, सांगायचं एवढंच. उद्या तुमच्याही गावात कोणी काच आणेल, नारळ आणेल, लिंबू आणेल, आणि तुमच्या पोटात आधीच असलेली भीती तुम्हालाच दाखवून तिला चमत्कार म्हणेल. त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. हेच पुन्हा हात न लावता करून दाखव म्हणा. दुसऱ्याच्या काचेत, दुसऱ्याच्या रक्ताने, बीटाच्या रसाने करून दाखव म्हणा. खरी गोष्ट असेल तर ती पुन्हा पुन्हा तशीच होईल, तिला तपासण्याचं भय नसतं. आणि माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर त्या माणसाला विचारा. उत्तर ऐकायला छाती लागते, हे खरं. पण छाती नाही म्हणून दुसऱ्याच्या बोटाला सुई टोचायचा अधिकार कोणाला मिळत नाही.